टेस्टिंगचं गाणं

अमडापुरात लग्न कोणाचंही असो, मांडवात पहिलं गाणं इंग्रजी वाजायचं आणि त्यानंतर गणपतीची आरती. यात कोणाला वावगं वाटत नसे. पुंजाजी लाउडस्पीकरवाले कडुनिंबाला भोंगा बांधायचे, मोटारीची बॅटरी जोडायचे आणि आवाज वेशीपर्यंत पोचतो की नाही हे बघायला एक आडदांड रेकॉर्ड लावायचे. त्यात एक बाप्या जीव तोडून ओरडायचा, मागे गिटारी कडाडायच्या आणि ढोल असा बदडला जायचा की मांडवातली पोरं आपोआप उड्या मारायला लागायची. गावात त्याला 'टेस्टिंगचं गाणं' म्हणत. खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तबकडीवरचा कागद उंदरांनी कुरतडून नेला होता.

ती तबकडी मलकापूरहून आली. तिथल्या स्टेशनातल्या एका गार्डाची बदली झाली तेव्हा त्यानं आपल्या रेकॉर्डी एका दुकानात विकायला काढल्या, आणि पुंजाजींनी घेतलेल्या गठ्ठ्यात ही एक आपसूक आली. पहिल्यांदा वाजवली तेव्हा पुंजाजींना वाटलं, मशीन बिघडली. मग कळलं की गाणंच तसं आहे.

तो बाप्या म्हणतो काय, यावर आमच्या गावात जितकी तोंडं तितकी मतं होती. कोणी म्हणे पैलवान आव्हान देतोय, कोणी म्हणे त्याच्या पोटात दुखतंय. माझे वडील, भगवंतराव गुरुजी, सातवीपर्यंतच्या पोरांना इंग्रजी शिकवत. ते म्हणायचे, ही विलायतेची लावणी असावी. कोणालाच काही कळत नव्हतं, त्यामुळे भांडण कधी मिटलं नाही आणि मजाही कधी संपली नाही.

ते गाणं लागलं की हातातलं काम टाकून जी बाई घराबाहेर यायची, ती म्हणजे पुंजाजींची बायको झुंबरकाकू. मला तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

झुंबरकाकू उंच, काळीसावळी, कामाला वाघ. चोवीस वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला तो कान घेऊनच. म्हणजे ठार बहिरी झाली असं नाही. ढोल कळायचा, गाडीची धडधड कळायची, माणूस बोलतोय एवढंही कळायचं. काय बोलतोय ते कळायचं नाही. मी एकदा विचारलं तर तिनं पटकन सांगितलं, "आवाज येते वं, त्यातलं बोलनं येत नाई. पीठ सांडते अन् कोंडा मले भेटते."

ज्याचा धंदाच आवाजाचा, त्याची बायको बहिरी. यावर गावानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. पुंजाजींनी कधी मनावर घेतलं नाही. माइकवर सिंहासारखा बोलणारा हा माणूस घरात हळू बोलायचा, आणि बायकोशी तर नुसते ओठ हलवून, कारण तिला तेवढंच लागायचं. समोरच्याचे ओठ दिसले की झुंबरकाकूला सगळं समजायचं. बाजारात तिला फसवण्याची कोणाची छाती नव्हती. पलीकडच्या दुकानदारानं आपल्या भावाला हळूच काही सांगितलं तरी ती इकडून त्याला सुनवायची.

पण आमच्याकडच्या बायका बोलायला लागल्या की पहिल्यांदा पदर तोंडावर जातो. हसायचं असो, रडायचं असो, कोणाची निंदा करायची असो, पदर आधी. तिथं काकूचं सगळं शहाणपण संपायचं. ती सरळ हात घालून समोरचीचा पदर खाली ओढायची आणि म्हणायची, "तोंड दाखव, मंग बोल." बायका चिडायच्या. मग त्यांनी एक सोपी वाट काढली. सगळ्या खळखळून हसल्या आणि काकूनं विचारलं, "काय झालं?" की उत्तर ठरलेलं असायचं, "काई नाई." त्या बाईला आयुष्यात जेवणापेक्षा जास्त वेळा कोणी काही वाढलं असेल तर ते हे "काई नाई". मीही वाढलंय. खोटं कशाला बोलू?

सदुसष्ट साली काकूच्या एकुलत्या एका लेकीचं, रुख्मिणीचं, लग्न जानेफळच्या किसनरावांच्या मुलाशी ठरलं. मी तेव्हा खामगावला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. आमच्या आळीत कॉलेजात गेलेली पहिली पोर मीच. नाक किती वर असायचं हे आता आठवलं तरी लाज वाटते.

आमच्याकडे लग्न ठरलं की याद होते. दोन्हीकडचे चार लोक बसतात आणि कोणी काय करायचं ते कागदावर लिहून घेतात, म्हणजे पुढे तोंडाला तोंड लागायला नको. याद लिहायला माझे वडील बसले होते. मानपान झाले, लुगडी-धोतरं झाली, दोन्हीकडच्या जेवणावळी झाल्या. शेवटी रिवाज म्हणून वडिलांनी दाराकडे बघून विचारलं, बायांचं काही म्हणणं आहे का? असं विचारतात, पण बाया काही सांगत नसतात. झुंबरकाकूनं मात्र दारातून सांगितलं, "माह्या लेकीची बोळवण त्या इंग्रजी रेकॉटवर होईन. लिहून घ्या."

पुंजाजी सतरंजीकडे बघत राहिले. पाठवणीला वाजवायच्या त्यांच्याकडे पाच-सहा रेकॉर्डी होत्या, दगडालाही पाझर फुटेल अशा. त्या सोडून हे टेस्टिंगचं गाणं कशाला, हे त्यांनाही कळलं नसावं. पण बायकोनं इतक्या वर्षांत चारचौघांत काही मागितलं असेल तर ते हेच, त्यामुळे ते नाही म्हणाले नाहीत.

किसनराव माणूस वाईट नव्हता, पण गाण्यांच्या बाबतीत पोळलेला होता. त्यांच्या थोरल्याच्या लग्नात, ऐन नवरदेव दारात आलेला असताना, तिथल्या मशीनवाल्यानं न बघता एक रेकॉर्ड लावली आणि तिच्या पहिल्याच ओळीत घरात चोर शिरल्याचं वर्णन निघालं. सात वर्षं झाली तरी त्या थोरल्याला सोयऱ्यांत 'चोर जावई' म्हणत होते. त्यामुळे किसनरावांनी विचारलं, गाणं म्हणतं काय? कोणाला सांगता आलं नाही. मग त्यांनी सांगितलं की ज्याचा अर्थ ठाऊक नाही ते गाणं माझ्या सुनेच्या पाठवणीला वाजणार नाही. अर्थ लिहून आणा, खाली शिकलेल्या माणसाची सही आणा. चांगलं असलं तर खुशाल वाजवा, माझी ना नाही.

गाण्याचा दाखला. जन्माचा असतो, शाळा सोडल्याचा असतो, तसा गाण्याच्या अब्रूचा. आज कोणी ऐकलं तर हसेल, पण त्या बैठकीत कोणी हसलं नाही. सगळ्यांना ते रास्तच वाटलं. आणि माझ्या वडिलांची छाती फुगली. ते म्हणाले, माझी आशा इंग्रजी घेऊन बी.ए. करते, ती देईल लिहून. दोन दिवसांसाठी घरी आलेली मी आत चहा गाळत होते. चहा घेऊन बाहेर गेले तेव्हा सगळे माझ्याकडेच बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकू आमच्या घरी आली. मी तिला म्हटलं, काकू, पाठवणीची इतकी गाणी आहेत, त्यातलं एखादं घ्या ना. तिनं माझ्या ओठांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "त्या गाण्याले मी काय करू? साऱ्या बाया रडतात अन् मी त्यांच्या तोंडाकडे पाहून राह्यते. मले हेच पाहिजे. आता तुह्या हातात हाय, आशे."

मला वाटलं, हिला ढोल जाणवतो, म्हणून आवडत असेल. तेवढ्यावर मी समाधान मानलं. आणखी एक प्रश्न विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, पण मला उत्तर सापडलं होतं ना! शिकल्यासवरल्या माणसाला एकदा उत्तर सापडलं की तो पुढे विचारत नाही.

होळीच्या सुट्टीत मी वही-पेन घेऊन पुंजाजींच्या ओट्यावर जाऊन बसले. त्यांनी नवी पिन लावली आणि तबकडी सुरू केली. बाप्या ओरडला. माझं पेन कागदावर तसंच थांबलं. दुसऱ्यांदा लावली. तिसऱ्यांदा लावली. गिटारीच्या मागून तो काहीतरी गिळत होता, काहीतरी थुंकत होता, मध्येच कोणाला तरी हाक मारल्यासारखा कळवळत होता, आणि त्यातलं काहीही माझ्या कॉलेजातल्या इंग्रजीसारखं नव्हतं. आमचे प्राध्यापक इंग्रजी बोलायचे ते एकेक अक्षर पाटीवर लिहिल्यासारखं. मी निबंध लिहायची, व्याकरणात पहिली यायची. आठ वेळा ऐकूनही मला त्या गाण्यातला एक शब्द पकडता आला नाही.

काकू शेजारी बसून होती, मशीनच्या डब्यावर दोन्ही तळवे टेकून. तिची नजर माझ्या पेनावर होती. पेन हलत नव्हतं.

पुढे कैक वर्षांनी, मी स्वतः शाळेत इंग्रजी शिकवायला लागल्यावर, एका मासिकात वाचलं की असल्या गाण्यांतले शब्द खुद्द गोऱ्या साहेबांच्या पोरांनाही कळत नाहीत. तेही एकमेकांत भांडतात, पैजा लावतात, आणि कधी कधी गाणाऱ्याला विचारलं तर त्यालाही आठवत नाही. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर त्या ओट्यावर माझा घाम निघाला नसता. पण तेव्हा मला वाटलं की माझं बी.ए. खोटं आहे. वडिलांनी आत्याची, मामाची, साऱ्या भावकीची बोलणी खाऊन मला खामगावला ठेवलं होतं. पोरीला शिकवून काय दिवे लावणार, असं म्हणणारे वाटच बघत बसले होते. एका गाण्याचा अर्थ येईना म्हटल्यावर त्यांना आयतंच कोलीत मिळालं असतं.

आणि अर्थ नाही तर दाखला नाही, दाखला नाही तर काकूची रेकॉर्ड नाही.

मी घरी आले, दार लावलं आणि लिहिलं. आमच्याकडे कोर्टाचे कागद वडिलांच्याच हातून लिहून घेतले जायचे, त्यामुळे भाषा मला पाठ होती. लिहिलं ते असं: 'सदर गाणे एका बापाचे आहे. त्याची लेक सासरी निघाली असून तो तिला हाक मारून सांगत आहे की, बाळे, मी ओरडतो म्हणून रागावू नकोस, हळू बोललो तर रडू येईल. तुझ्या पायांनी अंगण झिजले ते मी सारवून घेणार नाही. दार उघडे ठेवीन. सबब हे गाणे कन्येच्या पाठवणीस योग्य आहे. अर्थ खरा असे.' खाली सही केली, आशा भगवंतराव, बी.ए., आणि कंसात, दुसरे वर्ष.

लिहिताना मला वाईट वाटलं का? खरं सांगते, मजा वाटली. वडिलांनी कागद वाचला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, बघ, मी उगाच त्याला लावणी म्हणत होतो. तेव्हा मात्र मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

किसनरावांनी कागद दोनदा वाचून घेतला, घडी करून यादीत ठेवला आणि खुश होऊन सांगितलं की असं असेल तर हा अर्थ रेकॉर्डच्या आधी माइकवर वाचून दाखवा, आमच्या पाहुण्यांनाही कळू द्या. मला हे लग्नाच्या दोन दिवस आधी समजलं. करता येण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वैशाखातलं लग्न, दुपारचं. वांग्याची भाजी, वरण-पोळी, बुंदी. रीतीप्रमाणे टेस्टिंगचं गाणं सकाळी वाजायला हवं होतं, पण ते पाठवणीसाठी राखून ठेवलं होतं, आणि भोंगा दुसऱ्याच कुठल्यातरी रेकॉर्डवर तपासला. लोकांना चुकल्यासारखं झालं. काकू सकाळपासून हिरवं लुगडं नेसून मांडवभर फिरत होती. तिला इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. लेक चालली आणि ही हसते, म्हणून दोघीतिघींनी नाकंही मुरडली.

ऊन कलल्यावर बैलाची दमणी दारात लागली. रुख्मिणी सगळ्यांच्या पाया पडून आईजवळ येऊन उभी राहिली. तेव्हा पुंजाजींनी माइक हातात घेतला. कागद किसनरावांनी त्यांच्या हाती दिला होता. मी समजत होते की वडील वाचतील, पण पुंजाजी म्हणाले की माइकवर आजवर मीच बोललो, आजही मीच बोलतो. 'बाळे, मी ओरडतो म्हणून रागावू नकोस' इथपर्यंत ते सरळ आले. पुढच्या वाक्याला त्यांचा आवाज फुटला, आणि तो फुटलेला आवाज कडुनिंबावरच्या भोंग्यातून सगळ्या गावावर गेला. 'दार उघडे ठेवीन' हे तर धड ऐकूही आलं नाही. मांडवातल्या झाडून साऱ्या बायका हुंदके द्यायला लागल्या. किसनरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मीच लिहिलेलं खोटं ऐकून मलाही रडू आलं, यावरून काय ते समजा.

आणि रेकॉर्ड लागली.

काकू पुंजाजींकडे पाठ करून, लेकीला धरून उभी होती. माइकवर काय झालं हे तिला ठाऊकच नव्हतं. ढोल सुरू झाला तसा तिनं चेहरा वर केला, हसली आणि सवयीप्रमाणे चारी बाजूंना लोकांच्या तोंडाकडे बघायला लागली. एकाही माणसाचं तोंड तिला दिसलं नाही. सगळ्या माना खाली, सगळे पदर वर. तिचं हसू तसंच अडकून राहिलं. तिनं शेजारच्या बाईला विचारलं, काय झालं? शेजारचीनं मान हलवली. दुसरीला विचारलं. मग ती गर्दीतून माझ्याकडे आली, तिथंच, गाणं वाजत असताना, आणि माझा दंड धरून म्हणाली, "साऱ्या काऊन रडून राह्यल्या वं? रेकॉट तर तीच हाय ना?"

माझ्या तोंडावर पदर होता. तो मी काढला आणि म्हणाले, "काई नाई, काकू."

तेवढ्यात रुख्मिणीनं तिला मागून वळवलं. आईसमोर तोंड नेऊन तिनं सांगितलं की बाबांनी गाण्याचा अर्थ सांगितला, आशीनं लिहून दिला होता, यात बाप लेकीला हाक मारतो. रुख्मिणी भाबडी पोर, तिला वाटलं आईला बरं वाटेल. काकूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला परवडलं असतं. कोणाच्या घरी जेवायला जावं आणि पंगत उठलेली दिसावी, तसा तिचा चेहरा झाला. तिनं लेकीच्या ओटीत नारळ घातला, दमणीत बसवलं, बैलांच्या पाठीवर हात फिरवला. ती रडली नाही. बहिरीला काय समजतंय, असं कोणीतरी म्हणालं. हे तिला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता, मला मात्र ऐकू आलं.

पंधरा दिवसांनी, कॉलेजला सुट्टी होती म्हणून मी घरीच होते, काकू आली. हातात फडक्यात गुंडाळलेली तबकडी. ती माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाली, "हे तुह्याजोळ राहू दे. तुले समजते."

मी म्हटलं, काकू, ही तुमच्या आवडीची, मी कशी घेऊ?

"होती आवडीची. तवा कोणालेच समजत नोती." ती बसली नाही, उभ्याउभ्याच बोलली. "भोंगा सुरू झाला का सारं गाव एकमेकाच्या तोंडाकडे पाहे. काय म्हणते बे हा, काय म्हणते? कोणाले सांगता ये नाई. माहा तर सारा जलमच तसा चालला. पण त्या एका गाण्यापुरतं सारं गाव माह्यासारखं होये. मले वाटलं, कागद सोयऱ्याच्या पेटीत पडून राहीन, अन् माही पोर जाईन तवा तरी मी साऱ्यांच्या बराबर उभी राहीन."

आणि मग, जणू माझीच समजूत घालायची असावी तशी म्हणाली, "तुहा काई दोष नाई. तू शिकेल हायस. तुले समजलं तर तू सांगशीनच."

आत वडील पेपर वाचत होते. माझ्या सहीचा कागद जानेफळला किसनरावांच्या पेटीत होता, आणि रुख्मिणीच्या चिठ्ठीत आलं होतं की तिकडच्या बायका तो वाचून घेतात आणि डोळे पुसतात. मी गप्प राहिले असते तर कोणाचं काही बिघडलं नसतं. मी हुशार राहिले असते, वडील ताठ राहिले असते. फक्त समोर उभी असलेली ही बाई आपल्या हक्काची एवढीशी जागा माझ्या घरी सोडून परत गेली असती, आणि मला दोष नाही असं म्हणत गेली असती.

मी उठले. दाराशी उजेड होता तिथं तिला घेऊन गेले, तिला माझे ओठ नीट दिसावेत म्हणून. आणि म्हणाले, "काकू, मले त्यातला एकबी शब्द समजला नाई."

तिनं कपाळाला आठ्या घातल्या. तिला वाटलं, ओठ वाचायला चुकले. मी पुन्हा सांगितलं. सारं मनानं लिहिलं, बाप नाही, लेक नाही, दार नाही, काही नाही. आत पेपरची सळसळ थांबली, ते मला कळलं. तरी मी तिसऱ्यांदा सांगितलं, या वेळी मोठ्यानं.

"एकबी नाई?" काकूनं विचारलं.

"एकबी नाई."

"मंग लिहिलं काऊन?"

"तुमची रेकॉर्ड वाजावी म्हणून. अन् माही लाज झाकावी म्हणून."

तिनं माझं तोंड नीट बघून घेतलं. मला वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलली असती तर मी मुकाट ऐकून घेतलं असतं. पण तिच्या तोंडाचा कोपरा हलला. "मायबाई," ती म्हणाली, "कॉलेजात जाऊनबी?" आणि दाराच्या चौकटीला धरून ती अशी हसायला लागली की वडील चष्मा हातात घेऊन बाहेर आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ते पायरी उतरून रस्त्याला लागले. आठ दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. ते मी भोगलं.

मी विचारलं, काकू, जानेफळला कळवायचं का? तिनं हात झटकला. "त्यांले समजलं असन तर समजू दे. आपल्याले नाई ना समजत?" आणि मला हाताला धरून ती आपल्या घरी घेऊन गेली.

पुंजाजी बाहेरगावी गेले होते, मशीन ओट्यावरच होती. काकूनं स्वतः बॅटरीची तार जोडली, फडक्यानं तबकडी पुसली आणि लावली. बाप्या ओरडायला लागला. शेजारच्या दोन बाया कुंपणाशी आल्या. काकूचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं, माझ्याकडे होतं. मी अजून काही लपवते आहे का, हे ती तपासत होती. मध्ये एक जागा येते, तिथं ढोल थांबतो आणि तो माणूस एकटाच काहीतरी म्हणतो, अगदी कळवळून. ती जागा आली तशी तिनं माझा हात दाबला.

"आता काय म्हणला वं?"

"माहीत नाई, काकू."

"मलेबी नाई," ती म्हणाली, आणि सुई उचलून तिनं पुन्हा पहिल्यापासून लावली.